ऊनमा पापड, सावलीमा पाला

धुळ्याहून एका ताईंनी विचारलंय. घरामागे दीड गुंठा जागा आहे. त्यात कोथिंबीर, मेथी, पुदिना, गोडलिंबाचं झाड, गवती चहाचं ठोंब आणि कुंडीत पानओवा. थंडीत इतकं येतं की आळीत वाटूनही उरतं आणि मे महिन्यात कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी बाजार गाठावा लागतो. गेल्या वर्षी त्यांनी सगळा पाला एकदम गच्चीवर वाळत घातला. रंग गेला, वास गेला, उरलं ते गुरांपुढे टाकायच्या लायकीचं. आता त्यांना तीन गोष्टी हव्यात: वाळवताना चुकलं कुठे, लसूण-कोथिंबीर तेलात बुडवून बरणी भरली तर वर्षभर टिकेल का, आणि फ्रीजरमध्ये ठेवावं तर लाइट जाते तेव्हा काय करायचं.

ताई, मी अमळनेरची. लग्न होऊन आले त्या घरात मार्च ते मे नुसतं वाळवण चालायचं, पुढे तोच माझा धंदा झाला. २२ वर्षं झाली, गटातल्या बायकांसोबत वाळलेली मेथी, पुदिना, गोडलिंबाची चटणी करून विकते. तुमची गच्चीची चूक मीही पहिल्या वर्षी केली होती, तीही चार पाट्या पुदिन्यावर. सकाळी घातला तेव्हा खाली जिन्यापर्यंत वास येत होता आणि मला वाटलं, वा, काय सुगंध सुटलाय. तो सुगंध म्हणजे माझा माल उडून चालला होता हे कळायला संध्याकाळ झाली. सासूबाईंनी एक पान चुरून नाकाला लावलं, खाली टाकलं आणि एवढंच म्हणाल्या, "ऊनमा पापड, सावलीमा पाला."

आपल्याकडे वाळवण म्हटलं की गच्ची आणि गच्ची म्हटली की ऊन. बिबडे, कुरडया, सांडगे, मिरच्या यांना ते लागतंच, कारण पीठ जाड असतं, मिरचीला साल असते, आतला ओलावा उन्हाशिवाय निघत नाही. पान कागदासारखं पातळ. त्याचा वास म्हणजे त्यातलं तेल. पुदिना, तुळस, पानओवा यांच्यात ते पानावरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक फोडांत असतं, आणि ते हवेत उडणारं तेल आहे, शेंगदाण्याचं नव्हे. पान तापलं की पाण्याबरोबर तेही जातं. शिवाय ऊन हिरवा रंग खातं. दोरीवर रोज वाळणाऱ्या हिरव्या साडीचं दोन वर्षांत काय होतं ते आठवा, पानाचं तेच दोन दुपारीत होतं.

पाल्याला हवा असतो कोरडा वारा, आणि तो खान्देशाला देवाने भरपूर दिलाय. बाहेर लोक पाला वाळवायला ड्रायर विकत घेतात. तो करतो काय, तर ३५ ते ४५ अंशांची कोरडी हवा जाळ्यांमधून फिरवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर गेला की आपल्या माडीवरच्या बंद खोलीत दुपारी दुसरं काय असतं? फुकटचा ड्रायर आहे. माझी एक मैत्रीण रत्नागिरीला असते, तिला हे सांगून काही उपयोग नाही, तिच्याकडे पान वाळायच्या आधी बुरसतं. तुम्ही धुळ्यात आहात. तुम्हाला ऊनही नको, यंत्रही नको, फक्त सावली आणि उघडी खिडकी.

आता कापणी. अर्धं काम इथेच बिघडतं. पाला कापून मग बादलीत बुचकळू नका. आदल्या संध्याकाळी झारीने किंवा पाइपने झाडावरच धुवून घ्या, रात्रीतून निथळतो. सकाळी दव उडालं की आणि ऊन चढायच्या आत कापा. कळ्या धरायला लागण्याच्या जरा आधी पानात तेल सगळ्यात जास्त असतं, पुदिना आणि तुळस त्या वेळी साधायची. पुदिना बहुतेकांच्या घरी मोरीच्या पाण्यावर वाढतो. तुमचाही तसाच असेल तर साबणाचं पाणी जिथे जातं तिथला खायला घेऊ नका, आणि बाकीचाही पुन्हा दोन पाण्यांनी धुवा. असं धुवावंच लागलं तर पाला जुन्या सुती साडीत घ्यायचा, दोन्ही टोकं दोघींनी धरून झोळी झुलवायची. पाणी साडी पिते. मग तासभर पंख्याखाली पसरायचा आणि त्यानंतर वाळवायला घ्यायचा. ओलं पान थेट वाळत घातलं की त्यावर काळे डाग येतात. पान काळं पडण्याचं निम्मं कारण हेच, उरलेलं निम्मं म्हणजे पान हाताळताना चुरगळणं.

पुदिन्याचं मी नेमकं काय करते ते सांगते, मग बाकीचे पाले त्यावरून कळतील. मागच्या खोलीत बाज आहे. तिच्यावर धुतलेली मलमल अंथरते. बाज का, तर खालूनही वारा लागतो. फरशीवर घातलं तर खालची बाजू ओली राहते. वर्तमानपत्र अंथरू नका, शाई पानाला लागते. खायच्या वस्तूला छापील कागद लावू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही सांगितलंय. काड्या न तोडता, एकावर एक न चढवता, एकच थर. पश्चिमेची खिडकी उघडी, पण तिला पडदा, कारण चार वाजता तिरपं ऊन आत येतं. पंखा लावला तर एक नंबरवर, आणि पानावर सरळ नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानं नुसती मलूल दिसतात, वाटतं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी कडा आत वळतात आणि हात फिरवला की खसखस असा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला म्हणून गोळा करायची घाई करू नका, कारण पान वाळलेलं असतं, काडी नाही. काडी घेऊन वाकवा. वाकली तर थांबा, 'कट' करून मोडली तर झालं. मेमध्ये हे दीड-दोन दिवसांत होतं, जानेवारीत चार-पाच दिवस लागतात. मग काडीवरून बोटं उलटी ओढली की पानं सरसर गळून पडतात. पानं अख्खी ठेवायची. चुरा करून भरला की तेलाचे ते बारीक फोड फुटतात आणि बरणी उघडाल तेव्हा छान वास, ताकात टाकाल तेव्हा काही नाही. चुरायचं ते वापरताना, तळहातावर, ताकाच्या पातेल्यावर हात धरून.

एक किलो निवडलेल्या पानांचा दीडशे ग्रॅमच्या आसपास माल होतो. लोकांना वाटतं कुठेतरी सांडलं. सांडलेलं नसतं, हिरव्या पानात ८५-९० टक्के पाणीच असतं.

मेथी वाळवायला सगळ्यात सोपी, आणि वाळल्यावर कमी न होता उलट चढते. तिचा कडवट-गोड वास ज्या घटकाचा आहे तो पुदिन्याच्या तेलासारखा झटकन उडत नाही. हिरवटपणा गेला की तो वर येतो. पानं खुडून घ्या, देठ भाजीला वापरा, कारण मेथीचा देठ आतून ओला राहतो आणि पुढे तोच दगा देतो. मला त्याने दिलाय. एका वर्षी मोठी मागणी होती म्हणून घाईत देठांसकट ४० पाकिटं भरली. हाताला कोरडी लागत होती. आषाढात दुकानदाराने सगळी परत पाठवली. प्रत्येक पाकिटात देठाच्या सांध्याला पांढरी बुरशी. नुकसान पैशांचं कमी आणि तोंडाचं जास्त. त्या वर्षापासून मी बरणीची परीक्षा घेतल्याशिवाय काही भरत नाही: वाळलेला पाला कोरड्या काचेच्या बरणीत घालायचा, झाकण घट्ट, आणि एक दिवस-रात्र तशीच ठेवायची. सकाळी काचेला आतून धूसर दव दिसलं, किंवा पान परत मऊ झालं, तर ते वाळलेलं नाही. परत बाजेवर. हाताला फसवता येतं, काचेला नाही.

आणि घरच्या मेथीकडून कसुरी मेथीच्या वासाची अपेक्षा करू नका. 'कसुरी' हे नाव कसूर या गावावरून आलं, ते आता पाकिस्तानच्या पंजाबात आहे. बाजारात मिळते ती बरीचशी राजस्थानातल्या नागौरकडची, आणि ती मेथीची वेगळीच जात आहे, बारीक पानांची. आपली मेथी वाळवून आमटीत, थालीपीठात, कळण्याच्या पिठात घालायला उत्तम, पण ती आपलीच मेथी राहते.

कोथिंबिरीकडे येते. तुमची खरी ओढ तिचीच आहे आणि वाळवून सगळ्यात जास्त पस्तावा तिचाच. कोथिंबीर वाळवू नका. सावलीतही नाही. तिचा वास देणारे घटक पुदिन्याहून फार नाजूक आहेत, पान कोरडं होता होता ते निघून जातात. तुम्ही कितीही निगुतीने केलं तरी हिरवं गवत मिळेल, दिसायला सुरेख आणि वासाला ठार. वाळलेल्या कोथिंबिरीच्या डब्या विकायला ठेवतात त्या कोण घेतं मला माहीत नाही, मी विकत नाही.

तिला टिकवायचे रस्ते वेगळे. आधी ताजीच जास्त दिवस कशी ठेवायची ते. मुळासकट उपटा, माती झटका, धुऊ नका. पिवळी आणि मोडकी पानं काढून टाका, एक सडकं पान जुडीला नासवतं. मुळं बुडतील एवढंच पाणी काचेच्या पेल्यात घ्या, जुडी फुलदाणीसारखी उभी करा, वरून पिशवी सैल घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी पाणी बदला. दोन आठवडे सहज जातात, माझ्याकडे तीनही गेलेत. फ्रीजमध्ये उंची नसेल तर मुळं कापून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. आणि हे आपल्या भागासाठी खास सांगते: पिकत्या केळ्यांजवळ कोथिंबीर ठेवू नका. माझी नणंद रावेरला असते, केळीचं घर. तिची कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडायची आणि ती फ्रीजला दोष द्यायची. केळी पिकताना जो वायू सोडतात त्यानेच पानं पिवळी पडतात. घड एका खोलीत आणि जुडी दुसऱ्या खोलीत नेल्यावर तक्रार बंद झाली.

फ्रीजबाहेर ठेवायची असेल तर रांजणाचा शेजार आहेच. ओल्या फडक्यात जुडी गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची ही आजीची पद्धत कोरड्या हवेत फार छान चालते, कारण पाणी उडताना गारवा देतं आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात याच तत्त्वावर विजेशिवाय चालणारी विटांची पेटी काढली. विटांच्या दोन भिंती, मध्ये चार बोटं वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी, वर वाळ्याचं किंवा गवताचं झाकण. उन्हाळ्यात आत बाहेरपेक्षा १०-१५ अंश कमी राहतं. मी परसात छोटीशी केली आहे, ८०-९० विटांची. एप्रिलमध्ये कोथिंबीर तीन दिवस ताठ राहते, बाहेर ती दुपारीच मान टाकते. पण पावसाळ्यात तिचा काही उपयोग नाही. हवाच ओली असते, पाणी उडतच नाही. तेव्हा माझी पेटी कोंबडीच्या कामाला येते.

वर्षभरासाठी कोथिंबीर ठेवायची तर फ्रीजर. दोन प्रकार करा. पहिला, बर्फाच्या साच्यातला: पानं आणि कोवळ्या काड्या मिक्सरमधून काढायच्या, पाणी न घालता, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल थोडं थोडं सोडत. दोन वाट्या दाबून भरलेल्या कोथिंबिरीला तीन-चार चमचे तेल पुरतं. तेलाचा थर पानाला हवा लागू देत नाही, म्हणून रंग टिकतो. पाणी घातलं तर बर्फाचा खडा होतो आणि चव पांचट. साचा भरला की लगेच फ्रीजरमध्ये, गोठला की खडे काढून पिशवीत, पिशवीतली हवा दाबून काढायची आणि वर तारीख. एक खडा म्हणजे साधारण एक मोठा चमचा, शेवभाजीच्या रश्श्याला उतरताना एक-दोन खडे पुरेत. लिंबू आधी पिळून ठेवू नका. आंबटाने हिरवा रंग हळूहळू मेहंदीसारखा होतो. लिंबू ताटात.

दुसरा प्रकार, चिरून गोठवणं. पण ती सुटल्यावर ओल्या फडक्यासारखी होते, वरून भुरभुरायला उपयोगी नाही. भरतावर घालून पाहुण्यांपुढे ठेवायची तर ताजीच हवी. भरीत पार्ट्या थंडीतच का होतात, वांगी आणि पात तेव्हाच चांगली येतात म्हणून. कोथिंबीरही तेव्हाचीच. उन्हाळ्यात भरीत करायचा हट्ट असेल तर गोठवलेली कोथिंबीर मिरची-लसणाबरोबर कुटून आत घाला, वर नको.

फ्रीजरमध्ये जागाच नसेल तर मीठ. बारीक चिरलेली, अगदी कोरडी कोथिंबीर, तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं जाडं मीठ, थरावर थर, दाबून काचेच्या बरणीत, आणि बरणी फ्रीजमध्ये. पाणी सुटेल, सुटू द्या. दोन-तीन महिने जाते. भाजीत घातली की वेगळं मीठ घालायचं नाही. हे सगळ्या सुनांना सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा डाळ अशी झाली होती की मांजराने तोंड फिरवलं.

आता तेलाची बरणी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची किंवा कोणताही ओला पाला तेलात बुडवून बाहेर शेल्फवर ठेवू नका. एक आठवडाही नाही. आपल्यात पक्का समज आहे की तेल वर आलं म्हणजे माल टिकतो. कैरीचं लोणचं टिकतं ते तेलामुळे नाही, कैरीच्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे. तेल फक्त वरची हवा अडवतं. हवा अडवल्याने बुरशी येत नाही हे खरं, पण मातीत एक जंतू असतो, बोटुलिनम, त्याला हवा नसलेलीच जागा आवडते. लसूण, कोथिंबीर मातीला लागून वाढतात, त्याचे बीजाणू धुऊन पुरते जात नाहीत आणि साध्या उकळीनेही मरत नाहीत. ओलं, आंबट नसलेलं, हवाबंद आणि कोमट, या चार गोष्टी जुळल्या की तो विष तयार करतो. मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर कोमटच्याही पुढे असतं. त्या विषाने वास बदलेलच असं नाही, चव बदलेलच असं नाही, आणि ते नसांवर जातं: डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गिळता न येणं, श्वास अडखळणं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका हॉटेलच्या जेवणातून ३६ जण आजारी पडले, कारण निघालं तेलातला लसूण, जो फ्रीजबाहेर ठेवलेला होता. आपल्याकडे अशा आजाराला लोक 'काहीतरी बाधलं' म्हणून सोडून देतात, एवढाच फरक.

मग ठेचा? ठेचा ताजाच करा, परतून घेतलेला असला तरी फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. जास्त झाला तर तोही खडे करून गोठवा, चव जात नाही. लसणाची कोरडी चटणी बाहेर टिकते कारण ती कोरडी असते, तिथे हा धोका नाही. मिरचीचं लोणचं लिंबाच्या रसात आणि मिठात टिकतं, तेही ठीक. ओलं, आंबट नाही आणि तेलाखाली बुडालेलं, एवढी खूण डोक्यात ठेवली की बरणी बघूनच कळतं. कोथिंबिरीचे तेलातले खडे फ्रीजरमध्ये चालतात, कारण गोठलेल्या मालात तो जंतू वाढत नाही. बाहेर वितळले की मात्र त्याच दिवशी वापरा.

म्हणजे लाइटचा प्रश्न आलाच. पूर्ण भरलेला मोठा फ्रीजर दार न उघडता साधारण दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. आपल्या एकदारी फ्रीजच्या वरच्या कप्प्याचं एवढं ऐकू नका, तो मुळातच कमी गोठवतो, त्यातला माल दोन-तीन महिन्यांत संपवायचा असा हिशेब धरा. कप्प्यात रिकामी जागा राहिली तर पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून ठेवा, गोठलेलं पाणी लाइट गेल्यावर थंडी धरून ठेवतं. आणि एक युक्ती: वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या. गावाहून चार दिवसांनी आलात आणि नाणं वरच असेल तर काही बिघडलं नाही. नाणं तळाला गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलंय, तो माल टाकून द्या.

गोडलिंब सोपा आहे. पानं काडीवरून काढून, पुसून, कोरडी डब्यात भरून फ्रीजरमध्ये. सहा महिने वास राहतो आणि गोठलेलीच फोडणीत टाकता येतात, फक्त तोंड मागे घ्या, तडतडतात. थंडीत झाड पानं कमी धरतं, तेव्हा मार्च-एप्रिलची पालवी वाढून गडद झाली की काढून ठेवायची. सावलीत वाळवलेला गोडलिंब वासाला अर्धाच उरतो, म्हणून मी तो चटणीसाठीच वापरते. ताजी पानं जरा मलूल होऊ द्यायची, मग थोड्या तेलात अगदी मंद आचेवर हलवत राहायचं, पान बोटात काचेसारखं तुटेपर्यंत. भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, लसूण, मीठ. पण लसूणही तेलात कुरकुरीत झाला पाहिजे, ओला राहिला तर चटणी आठवड्यात खवट होते. पूर्ण थंड झाल्यावरच वाटायची. ही आमची सगळ्यात जास्त खपणारी वस्तू.

गवती चहा पावसाळ्यात माजतो आणि पावसाळ्यातच वाळत नाही. म्हणून तेव्हा ताजा वापरा आणि ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर कापा. कात्रीने दोन-दोन इंच तुकडे, सावलीत तीन दिवस. अख्खी पाती वाळवून नंतर चुरली तर भुसा होतो. तुळस सावलीत वाळवा, फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने तिची पानं काळी पडतात, बिघडलेली नसतात, पण दिसतात तशी. पानओवा वाळवायच्या भानगडीत पडू नका, जाड रसाळ पान आहे, आठवडाभर पडून राहील आणि शेवटी कुजेल. ते बारमाही येतं, लागेल तेव्हा तोडा, भजी करा. शेपू गोठवला तर चांगला राहतो, वाळवला तर नाही. मायक्रोवेव्हचं बायका विचारतात: मूठभर पुदिना, कागदी रुमालात, आधी एक मिनिट आणि मग वीस-वीस सेकंद बघत बघत. नजर काढली तर पेट घेतो. मला तो खेळ वाटतो, पण मुंबईच्या फ्लॅटात बाज कुठून आणणार.

वाळलेला माल भरताना काचेची किंवा जाड स्टीलची, घट्ट झाकणाची भांडी घ्या, आणि ती खोलीतल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी ठेवा. गॅसच्या वरचं फडताळ सोयीचं असतं, पण तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही येतात. पावसाळ्यात चमचा कोरडा आणि बरणी उघडी कमीत कमी. मी मोठ्या बरणीतून आठवड्याचा माल छोट्या डबीत काढते, मोठी आषाढ ते भाद्रपद बंदच. वर्ष उलटलं की उरलेला पुदिना झाडांच्या मुळाशी टाकायचा, अपायकारक नसतो, पण नुसता कागद झालेला असतो.

राहिली तुमची आत्ताची कोथिंबीर. फेब्रुवारीत ती उंच होऊन बारीक पानं काढायला लागेल, मग तुरे. ती बारीक पानं गोठवायच्या लायकीची नसतात, पण झाडं उपटू नका. तुऱ्यात हिरवे धणे भरले की थोडे खुडून घ्या, पानाचा आणि धण्याचा दोन्हींचा वास एकाच दाण्यात असतो. धुऊन, पुसून डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यात ठेच्याला चार-चार दाणे टाका. उरलेली झाडं उभी वाळू द्या. ते धणे पुढच्या दिवाळीनंतर पेरताना आधी पाटावर लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, आणि सगळे एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा टाका.